धुरकट दिसायलंय!

मी विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मनात जे काही म्हणाल ते मी स्वतःला दोन वर्षं म्हणून झालंय, हे ध्यानात येईल. पेडगावच्या बाजूला एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मी भिंग, आरसे, प्रकाश वगैरे शिकवते. भोंदूबाबांच्या युक्त्या उघड करायला लिंबातून 'रक्त' काढून दाखवायचा कार्यक्रम दरवर्षी शाळेत असतो, तोही मीच करते. आमच्या घरात देव्हारासुद्धा नाही — देवालाच जागा नाही तिथं भुताला कुठून देणार? म्हणून शाळेत ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. इथं सांगतेय, कारण इथं मला कुणी ओळखत नाही.

प्रसंग सेलूचा. दिवाळीनंतरचा एक रविवार, वेळ दुपारी साडेबाराची. दुपार हे मुद्दाम लिहितेय. अमावस्या नव्हती, कॅलेंडर काढून बघितलंय. बाहेर चांगलं ऊन होतं आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी ज्वारीच्या पापड्या वाळत घातल्या होत्या.

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, कापसाच्या एका जिनिंगच्या मागच्या अंगाला जुनी टॉकीज आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. माझे सुखदेवमामा तिथं अडतीस वर्षं ऑपरेटर होते. म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून सिनेमा दाखवणारे. टॉकीज बंद पडली, खुर्च्या गेल्या, स्पीकर गेले, खाली हॉलमध्ये कबुतरं राहायला आली. जुन्या मालकांच्या मुलानं, म्हणजे शेठनी, तिथं मंगल कार्यालय काढायचं ठरवलं होतं. उरले होते ते केबिनमधले दोन प्रोजेक्टर. माणसाएवढे उंच आणि म्हशीएवढे वजनदार.

पुण्याच्या एका कॉलेजातले एक सर त्यातला एक न्यायला तयार झाले होते. मुलांना पूर्वी सिनेमा कसा दाखवायचे ते शिकवायला. अट एकच — मशीन चालतं पाहिजे. शेठ मोठे हुशार. त्यांनी त्याच दिवशी, त्याच वेळी भंगारवाल्यालाही टेम्पो घेऊन बोलावून ठेवलं. सरांना पटलं तर सर नेतील, नाही पटलं तर घण घालून तुकडे.

मामांचा फोन आला, "माय, रविवारी ये. एक हात कमी पडायलाय."

मी गेले. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. दाढी जरा एका गालावर राहिली होती, पण गडबडीत झालं असेल असं मला वाटलं. चहात त्यांनी साखर घातली ती निम्मी बशीत पडली. तेव्हाही मला काही कळलं नाही. विज्ञानाची शिक्षिका, निरीक्षणाचं महत्त्व शिकवणारी...

त्यांनी दोन मशीनचं मिळून एक मशीन तयार केलं होतं. कार्बनच्या चार कांड्या जपून ठेवल्या होत्या — त्या जळतात तेव्हा मशीनमध्ये उजेड पडतो आणि जळून आखूड होतील तशा हातानं पुढं सरकवाव्या लागतात. फिल्मचं एकच रीळ सापडलं होतं, कुठल्यातरी जुन्या सिनेमाचं, मधलंच. नाव नाही, शेवट नाही. लग्नाच्या मांडवात वरपक्ष आणि वधूपक्ष भांडतायत, एवढंच. अडचण एक होती. दाखवून झालेली फिल्म गुंडाळून घेणारं खालचं चाक फिरवणारा पट्टा तुटला होता.

"तू खाली बस," मामा म्हणाले, "आन् हे चाक हातानं फिरवत राहा. थांबलीस तर सगळी फिल्म तुझ्या मांडीवर."

मी पदर खोचून एका डब्यावर बसले. तिथून मला समोर मामांचे गुडघे, भिंत आणि चाक, आणि मान वर केली तर मामा, एवढंच दिसत होतं. पडदा बघायची खिडकी डोक्याच्या वर दोन हातांवर.

सर आले. भला माणूस, डोक्यावर फेल्टची टोपी. मामा म्हणाले, "जयभीम सर. बसा बाल्कनीत. तितं दोन खुर्च्या ठेवल्यात मी." सर बाल्कनीत गेले. खालच्या हॉलच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली शेठच्या खिशात. शेठ रस्त्यावर टेम्पोजवळ भंगारवाल्याशी बोलत उभे.

मामांनी मशीन सुरू केलं. काय आवाज! पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा. भिंत हलायला लागली. मी जीव खाऊन चाक फिरवायला लागले.

आणि खालून, हॉलमधून, खणखणीत आवाज आला —

"ए फोकस!"

मला वाटलं, बाल्कनीतून सरच ओरडले. पुण्याचा माणूस इतक्या लवकर एकेरीवर आला म्हणून जरा रागही आला. वर मामांचा हात मशीनच्या फोकसच्या बटणावर फिरताना दिसला.

"अहो, धुरकट दिसायलंय! फोकस करा फोकस!"

मी मान वर करून मामांकडं बघितलं. त्यांनी नाक खिडकीच्या काचेला टेकवलं होतं. डोळे बारीक केले होते. एक हात कांड्या सरकवत होता, दुसरा बटण आधी इकडं, मग तिकडं, असा चाचपडत होता. कपाळावरून घाम गळत होता... आणि त्या क्षणी ती दाढी, ती साखर, सगळं एकदम माझ्या डोक्यात जुळलं.

"मामा, तुमाला दिसत न्हाई का?"

"गप. हात थांबवू नको."

"मामा, मी उठून बघते—"

"उठलीस तर रीळ गेलं, मशीन गेलं. फिरव!"

मी फिरवत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अडतीस वर्षं जो माणूस केसाएवढा फरक ओळखायचा, त्याला समोरचा पडदाच दिसत नव्हता आणि त्यानं हे घरात एका माणसाला कळू दिलं नव्हतं. खाली रस्त्यावर घण घेऊन माणूस उभा होता.

तेवढ्यात खालचा आवाज पुन्हा आला. आता जरा समजुतीचा.

"उलटं फिरवायलात! सुलटं फिरवा... हां. आजून. आजून जरासं. लय झालं, मागं घ्या... बास! आता बरोबर हाय!"

मामांचा हात जागच्या जागी थांबला.

अर्धं मिनिट गेलं. मग खालून, "आवाज!"

मामांनी खिडकीला तोंड लावलं आणि ओरडले, "आवाजाचं मशीन इकून टाकलंय!"

"बरं बरं," खालून उत्तर आलं.

आई शपथ. "बरं बरं."

त्यानंतर एकदाच — "ओ टोपीवाले, खाली बसा!" — आणि मग रीळ संपेपर्यंत चकार शब्द नाही. मला वाटलं, सर विनोदी आहेत, स्वतःलाच टोपीवाले म्हणतायत.

रीळ संपलं. माझा खांदा कामातून गेला होता. सर धावतच केबिनमध्ये आले, टोपी हातात.

"अप्रतिम! काय शार्प चित्र आहे! मशीन मी नेतोय. आणि तुमच्या त्या खालच्या मित्रालाही थँक्स सांगा. जरा उद्धट आहेत, पण नजर चांगली आहे."

मामा म्हणाले, "कोन मित्र?"

"अहो ते, पुढच्या रांगेतले. मी कठड्याशी उभं राहून बघत होतो तर मला ओरडले, खाली बसा म्हणून. बरोबरच होतं त्यांचं, माझ्या टोपीची सावली पडद्यावर पडत होती."

"सर," मी म्हणाले, "ते तुम्ही नव्हतात?"

"मी? मी 'धुरकट दिसायलंय' कसं म्हणेन हो?"

हा मुद्दा बिनतोड होता. मग मीच पुढाकार घेतला, कारण असल्या वेळी कुणीतरी घ्यावा लागतो आणि लिंबातलं रक्त मीच काढते.

शेठना बोलावलं, त्यांच्या मागोमाग भंगारवालाही आला. हॉलचं कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना, तेल घालून पाच मिनिटांनी उघडलं. दार ढकललं आणि मोबाईलचे टॉर्च लावले.

रिकामा हॉल. खुर्च्या नव्हत्याच, पुढची रांग कसली आणि मागची कसली. जमिनीवर वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण, दारापासून पडद्यापर्यंत अगदी सलग. कबुतरांच्या पायांच्या बारीक खुणा सगळीकडं. माणसाचं पाऊल एकही नाही. दुसरं दार आतून फळ्या ठोकून बंद केलेलं, फळ्यांवर कोळ्यांची जाळी, जाळी शाबूत.

मामा सोडून सगळे दाराच्या बाहेरच थांबले. मामा आत चार पावलं गेले, अंधारात मान वळवून बघितलं — बघितलं म्हणजे काय, त्यांना दिसत तर नव्हतंच — आणि मोठ्यानं म्हणाले, "शो संपला. घरी जावा."

भंगारवाला हे ऐकून जो निघाला तो टेम्पोचं मागचं फाळकं न लावताच. त्याचा घण आमच्याकडंच राहिला. शेठनी मला बाजूला घेतलं.

"ताई, हात जोडतो, कुटं बोलू नका. मंगल कार्यालय काढायलोय मी. नवरी उभी असताना मागून कुनी 'ए फोकस' म्हणलं तर...?"

म्हणून नाव लिहिलेलं नाही. कार्यालय आता छान चालतं आणि अजून तरी तसली तक्रार ऐकलेली नाही.

माझे मिस्टर म्हणाले, बाहेरचा आवाज आत आला असेल. ठीक आहे. पुढच्या रविवारी मी त्यांना सेलूला नेलं. टॉकीजमागच्या पानटपरीवर, मग समोरच्या गच्चीवर, मग गल्लीत उभं करून "ए फोकस" असं ओरडायला लावलं. मी केबिनमध्ये कान देऊन बसले. काही ऐकू आलं नाही. एक म्हातारी मात्र मिस्टरांना विचारून गेली, की बाबा, कुनाला हाका मारायलास? आणि समजा आलाच असता आवाज बाहेरून, तरी बाहेरच्या माणसाला बटण कुठल्या बाजूला फिरतंय हे कसं दिसणार? आवाज नक्की कुठून आला, हे सरांना मी फोन करून तीन वेळा विचारलं. दर वेळी तेच सांगतात, शब्दसुद्धा बदलत नाहीत. रीळमध्ये आवाज असेल म्हणावं, तर स्पीकर गेलेले. माझ्या कानात भास झाला म्हणावं, तर तिघांना एकच भास, तोही मराठवाडी बोलणारा?

मामांना मी त्याच आठवड्यात परभणीला डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू लय जाड झालीस गं."

घरी आणताना गाडीत मी विषय काढलाच. "मामा, खरं सांगा. तो आवाज कुणाचा होता? कुणी जुना ओळखीचा?"

"कसं सांगू? तोंडं कुटं बघितली मी? आमी वर, ते खाली अंधारात."

"भीती नाही वाटली?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, लांबच्या लांब, आणि त्यांना त्या दिसत होत्या. लुगड्यांचे रंग सांगत होते मला एकेक.

मग म्हणाले, "भीती कशाची? अडतीस वर्षं मला खालून शिव्या बसल्या, माय. जरा धुरकट झालं की आई-बाप काढायचे. मी नीट केलं की गप. नीट झालं असं एकानं कधी म्हणलं न्हाई. त्यानं म्हणलं... 'आता बरोबर हाय.'"