आजाराचा रकाना

सुकन्या माझी मुलगी. २००६ साली मी आणि तिची आई सुधा तीन महिन्यांसाठी तिच्याकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गेलो होतो. त्या गावात मोटारींचा प्रचंड कारखाना आहे आणि आमचे जावई कपिलराव तिथे इंजिनिअर आहेत. गावात जो तो गाडीने जातो. रस्ते रुंद, दुकानं लांब, बस अर्ध्या तासाने. सुकन्या मात्र सायकलवर. भाजी, पोस्ट, ऊर्मीची शाळा, सगळं सायकलवर. ऊर्मी म्हणजे आमची सहा वर्षांची नात. कपिलरावांनी तीनदा सुकन्याचं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालायचं ठरवलं, आणि तिन्ही वेळा "मला भीती वाटते" असं सांगून तिने अंग काढून घेतलं.

तिथल्या मराठी मंडळींत हा थट्टेचा विषय होता. "नवरा गाड्या बनवतो आणि बायको पायडल मारते," असं हरीश नावाचे त्यांचे मित्र आमच्यादेखत म्हणाले. सुकन्या हसली आणि तिने त्यांना आणखी पोहे वाढले.

"अरे, ती जत्रेतला पाळणा लांबून बघूनसुद्धा डोळे मिटते," कपिलराव म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. मीही हसलो.

त्या हसण्याची मला लाज वाटते. ही मुलगी लहानपणी सांगलीला आमच्या अंगणातल्या कडुनिंबावर चढून बसायची आणि हाका मारून थकलो तरी उतरायची नाही. ती भित्री नाही हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. ती स्वतः, सुधा आणि मी.

कपिलरावांना सुट्टी आखायला फार आवडतं. जाण्यापेक्षा आखायलाच जास्त, असं सुकन्या म्हणते. त्यांच्या ऑफिसात वर्षाच्या रजा जानेवारीतच लिहून द्याव्या लागतात, म्हणून ऑक्टोबरातल्या शाळेच्या सुट्टीचे दोन आठवडे त्यांनी तेव्हाच मागून ठेवले होते. बेत होता कुरासाव नावाच्या कॅरिबियन बेटावर जायचा. फ्रिजवर मोठा तक्ता लावला होता. त्या समुद्रात ऑक्टोबरात वादळं असतात, पण हे बेट वादळांच्या वाटेच्या बाजूला आहे. ॲमस्टरडॅमहून थेट विमान आहे. किनाऱ्यापासून पन्नास हात पोहत गेलं की प्रवाळ आणि रंगीत मासे. हे सगळं ते मला रोज नव्याने सांगत, आणि मला ऐकायला बरं वाटे. ऊर्मीला शाळेआधीच पोहण्याचा पहिला बिल्ला मिळाला होता. ती डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी घालून बाथटबमध्ये पालथी पडायची आणि नळीतून आजीशी जर्मन बोलायची.

मे महिन्यात सुकन्याचा वाढदिवस होता. कपिलरावांनी तिच्या हातात एक पाकीट दिलं. आत गावातल्या डायव्हिंग क्लबचं कार्ड होतं. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात उतरायचं शिक्षण, दोघांसाठी.

"ऊर्मी वरून मासे बघेल, आपण दोघं खालून," कपिलराव म्हणाले. "तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. पण एकदा ऐक. शिकवणारा माणूस तीस वर्षं शिकवतोय. तुझी भीती जाईल."

सुकन्या ते कार्ड बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चालेल."

"चालेल म्हणजे?"

"चालेल म्हणजे जाऊ या. कंटाळा आलाय मला भित्रं असण्याचा."

कपिलरावांचा चेहरा उजळला. सुधाने माझ्याकडे पाहिलं आणि मी चहाच्या कपात पाहिलं.

पुढच्या आठवड्यात क्लबचा अर्ज आला. पोहण्याच्या तलावात एक चाचणी होणार होती आणि त्याआधी तब्येतीचे प्रश्न भरून सही करायची होती. कपिलराव आम्हाला कळावं म्हणून एकेक प्रश्न मोठ्याने मराठीत वाचत होते.

"दमा? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही. हृदयविकार? बाबा, हिचं हृदय फक्त पाळणा बघून धडधडतं, ते लिहू का?" सुकन्या हसली. "बरं, पुढे. फिट, आकडी, बेशुद्ध पडणं, कधीही, लहानपणी धरून."

सुधा उठून गॅसपाशी गेली. गॅसवर काही नव्हतं.

"नाही," सुकन्या म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने 'नाही'च्या चौकटीत फुली मारली.

इथे मला मागचं सांगायला हवं. सुकन्याला अकराव्या वर्षापासून आकडी यायची. कॉलेजात असेपर्यंत सात वेळा आली. गोळ्या चालू होत्या. लग्नाचं बघू लागलो तेव्हा वधूवर मंडळाचा फॉर्म मी भरला. मी जिल्हा परिषदेत कारकून. फॉर्म भरण्यातच माझा जन्म गेला. त्यात एक रकाना होता, 'आजार किंवा व्यंग असल्यास'. मी त्यात वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो निर्णय सुधाचा होता. सुधाने फक्त गोळ्या लोहाच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून दिल्या. अक्षर माझं होतं.

लग्न ठरल्यावर सुकन्या एकदा म्हणाली होती, "बाबा, त्यांना सांगू या." मी म्हणालो, "एवढं चांगलं स्थळ आहे, आता घोळ घालू नकोस." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

अर्जाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर तळ्याकडे फिरायला गेलो. ती सायकल हातात धरून चालत होती.

"तू गाडी शिकत नाहीस ते याचमुळे ना?" मी विचारलं.

"गाडीत दुसऱ्यांचा जीव असतो, बाबा. रस्त्यावर कुणाची पोरं असतात."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात माझाच असतो. आणि इतकी वर्षं काही झालेलं नाही."

"कपिलरावांना सांग ना, बाळ."

ती थांबली. आवाज चढवला नाही. "आता काय सांगू? नऊ वर्षं रोज खोटं बोलले, हे सांगू? तुम्ही एकदाच लिहिलंत. मला रोज लिहावं लागतं."

घरी आल्यावर सुधाला सांगितलं. "अहो, तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "जुलैत आपण विमानात बसू. मागे संसार तिचा मोडेल." मी गप्प बसलो. गप्प बसणं मला नेहमीच जमलं आहे.

शनिवारी चाचणी होती. मी हट्टाने बरोबर गेलो. सुधा आणि ऊर्मी घरी राहिल्या. तलावाकाठी गरम, दमट हवा होती. मी बूट हातात घेऊन बाकावर बसलो. शिकवणारे गृहस्थ साठीचे, टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे होते. त्यांनी दोघांना टाक्या बांधल्या, कमरेला शिशाचे पट्टे बांधले आणि हाताच्या खुणा दाखवल्या. कपिलराव उत्साहाने मधूनमधून माझ्यासाठी मराठी करत होते.

"बाबा, ही खूण म्हणजे सगळं ठीक. ही म्हणजे वर चला." मग ते गृहस्थ जरा जास्त बोलले. "ते म्हणतात, खाली कुणी एकटं नसतं. जोडीदार हाच तुमचा दुसरा श्वास. तोंडातली नळी सुटली तर तोच तुम्हाला हवा देणार. म्हणून जोडीदाराबद्दल सगळं माहीत पाहिजे. म्हणजे मला हिच्याबद्दल." ते सुकन्याकडे बघून हसले. "ते तर आहेच."

सुकन्याने नळी तोंडात घेतली आणि ती पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरली.

मी उठलो. बूट खाली पडले. "कपिलराव," मी म्हणालो, "तिला खाली नेऊ नका."

"बाबा, घाबरू नका, पाणी साडेतीन मीटरच आहे."

"तिला आकडी येत असे. लग्नाआधी. सात वेळा. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. तिचा दोष नाही. मी लिहिलं."

त्यांना आधी कळलंच नाही. ते तसेच हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाण्यात सुकन्याकडे पाहिलं. तिने नळी काढली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि त्या नजरेचं वर्णन मला जमणार नाही. शेजारच्या पट्ट्यात लहान मुलं पाय आपटत होती. शिकवणाऱ्यांना भाषा कळली नाही, पण ते आधीच पाण्यात उतरून तिच्याजवळ उभे राहिले होते.

कपिलराव त्यांच्याशी दोन वाक्यं जर्मनमध्ये बोलले. त्यांनी मान हलवली, जास्त काही विचारलं नाही. सुकन्या पायऱ्या चढून वर आली, तेव्हा कपिलरावांनी खाली बसून तिचा शिशाचा पट्टा स्वतः सोडला. त्यांची बोटं ओली होती आणि बक्कल पटकन निघत नव्हतं.

घरी आल्यावर सुधाने आमचे चेहरे पाहिले आणि ऊर्मीला घेऊन ती खाली बागेत गेली.

"ऊर्मीच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं होतंस?" कपिलरावांनी विचारलं.

"हो. गोळ्या त्यांनीच नंतर हळूहळू बंद केल्या."

"नर्सला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. मी बाहेर फुलं घेऊन उभा होतो."

सुकन्या रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने ओले टॉवेल बाल्कनीत वाळत घातले.

मी म्हणालो, "कपिलराव, मला क्षमा करा."

ते म्हणाले, "बाबा, तुम्ही खरं सांगितलं असतं तरी मी हिच्याशीच लग्न केलं असतं, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. तुम्ही ते मला ठरवूच दिलं नाहीत." ते अजूनही 'बाबा' म्हणाले, याचं मला तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली.

पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथेच लिहितो. टाकी बांधून खोल पाण्यात जाणं कायमचं बंद. वरवर तरंगत मासे बघायला हरकत नाही, पण अंगात फुगवलेलं जाकीट हवं आणि हाताच्या अंतरावर सगळं माहीत असलेला कुणीतरी हवा. ऑक्टोबरात ते तिघं कुरासावला गेले, तसेच मासे बघून आले. तोवर आम्ही सांगलीला परतलो होतो. कपिलराव फोनवर मला "कसे आहात" विचारतात आणि फोन सुधाला देतात. त्यांचं वागणं वाईट नाही. पूर्वी ते मला विमानांच्या वेळा सांगत, ते आता सांगत नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते तलावाच्या दुसऱ्या दिवशीचं, रविवार सकाळचं. डॉक्टरांकडे न्यायला जुनी माहिती हवी होती. कपिलरावांनी चौकटीचा कागद घेतला आणि ते माझ्यासमोर बसले.

"जुने कागद आहेत?"

"नाहीत. फाडले."

"कधी?"

"साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात."

ते त्यांनी लिहिलं नाही. "मग आठवेल तसं सांगा. पहिली?"

"पंच्याऐंशीचा ऑगस्ट. शाळेत, प्रार्थनेच्या वेळी."

"किती मिनिटं?"

"मास्तर म्हणाले, दोन-तीन."

"दुसरी?"

"त्याच वर्षी, दिवाळीनंतर. घरी. मी होतो."

"तुम्ही काय केलंत?"

"चप्पल हुंगवली."

पेन थांबलं. "हे जर्मनमध्ये कसं लिहू?"

सुकन्या दारात उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. "लिही, वडिलांना काय करायचं ते माहीत नव्हतं," ती म्हणाली.

त्यांनी तसं लिहिलं. मग तिसरी, चौथी. एकेका ओळीला महिना, वर्ष, जागा, शेजारी कोण होतं. सहावी आकडी दहावीच्या परीक्षेआधी. सातवी कॉलेजात, चौऱ्याण्णव साली. इतकी वर्षं मी या तारखा विसरायचा प्रयत्न केला होता. एकही विसरलो नव्हतो.

"झाल्या सात," मी म्हणालो.

"आठ," सुकन्या म्हणाली.

आम्ही दोघांनीही वर पाहिलं. ती खुर्ची ओढून बसली.

"नव्व्याण्णवचा जानेवारी. इथेच, आधीच्या घरात. मी एकटी होते. इथे कुणाकडे मागणार, म्हणून गोळ्या पुरवून पुरवून दिवसाआड घेत होते. शुद्धीवर आले तेव्हा दूध करपून गेलं होतं. म्हणजे बराच वेळ झाला असेल."

"मी कुठे होतो?" कपिलरावांनी विचारलं.

"स्टुटगार्टला. तीन दिवसांसाठी. रात्री फोन केला होतास. मी म्हणाले, सगळं ठीक."

मी ओट्याशी उभ्या असलेल्या सुधाकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. आदल्या दिवशी तलावाकाठी मी सगळं खरं सांगून टाकलं असं मला वाटत होतं, आणि मला त्यातलं सगळं ठाऊकही नव्हतं. मुलीने मलाही 'निरंक'च कळवलं होतं.

कपिलरावांनी आठव्या ओळीत महिना लिहिला, वर्ष लिहिलं, जागा लिहिली. 'शेजारी कोण' या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी तिथे 'कोणी नाही' असं लिहिलं आणि कागद सहीसाठी सुकन्यापुढे सरकवला.