पिवळी पेटी, हिरवी पेटी

निवडून आलेल्या माणसाकडे कामं साठतात, पडलेल्याकडे किस्से. मी सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या इलेक्शनला एकदा उभा राहिलो आणि पडलो, त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा आहे. इंग्रजांचं राज्य होतं; घरपट्टी ज्यांच्या नावे होती, त्या बायकांनाही तेव्हा मत होतं. आमचं घर सासऱ्यांनी वेणूच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, नावे केलेलं. एक मत तरी घरचंच, असं मी धरून चाललो होतो.

*

मी पडलो मास्तर. पेठेतल्या बायकांना जमवून लोकशाही समजावली, ती ग्रीसपासून. मत गुप्त असतं, नवऱ्यालाही सांगायचं नसतं, हे पुन्हा पुन्हा बजावलं. मी इंग्लंडपर्यंत पोचलो तेव्हा शेजारची नरसम्मा उठली. तिच्या घरी माग होते आणि पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे.

"मास्तर, गल्लीत नळ येतो का, तेवढं सांगा की."

मी म्हणालो, आधी हक्क समजून घ्या. माझ्याविरुद्ध उभे असलेले अडतवाले शेठ दुसऱ्या दिवशी आले, नळ आणतो म्हणाले आणि गेले. त्यांचं भाषण तेवढंच!

*

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी असे, मत तिच्यात टाकायचं. माझी पेटी पिवळी, शेठजींची हिरवी. म्हणून वेणूनं आदल्या मंगळवारी हळदीकुंकू करून वाण म्हणून हळकुंडं वाटली. मतदानाच्या दिवशी मी बोलवायला गेलो, तर समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "आमचं मत दिलं की मंगळवारी! तुमच्याच घरी नाही का? ओटीसुद्धा भरून घेतली."

*

बायकांना न्यायला शेठजींनी टांगे ठेवले होते. माझ्याकडे छत्री होती. वेणू सरळ त्यांच्या टांग्यात चढली. शेठजींचा माणूस गडबडला. वहिनी, हा टांगा आमचा, म्हणाला.

"टांगा तुमचा, मत माझं. हाका."

*

उमेदवार म्हणून मी मतदानाच्या खोलीत कोपऱ्यात बसलो होतो. क्लार्कनं वेणूला नवऱ्याचं नाव विचारलं. ती कुठली नाव घेते! तिनं माझ्याकडे बोट केलं. "ते काय बसलेत. त्यांनाच विचारा."

माझं नाव मीच सांगितलं. ती पेट्यांच्या पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पेट्या दोनच होत्या.

घरी आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गुप्त म्हणजे गुप्त. तुम्हीच शिकवलंत."

*

शेठ निवडून आले. बायकांची मतं डोळ्यांत भरण्यासारखी पडली होती, त्यामुळे नळही खरंच आला, नेमका आमच्या दारापाशी. नरसम्मानं त्याला कुंकू लावलं. मी मात्र पुढचं वर्षभर विहिरीचं पाणी गोड असतं असं सांगत राहिलो.

काही दिवसांनी शेठजींची बायको वेणूकडे रडगाणं घेऊन आली. आज ही कमिटी, उद्या ती सभा. संध्याकाळचं ताट झाकून ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. वेणू तिला चहा देत मान हलवत राहिली.

*

वेणू शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली. शाळा सुटली की मी घरी येई, नळावर तांब्या भरी आणि तिच्याजवळ बसे. एका संध्याकाळी न राहवून म्हटलं, "आता तरी सांग. पिवळी की हिरवी?"

ती सावकाश पाणी प्यायली. भांडं माझ्या हातात दिलं.

"नळ दारात आला, तुम्ही संध्याकाळचे घरात. मला आणखी काय हवं होतं?"