जांभळं बोट

"बाई, नाव हाय ना माजं?"

हे विचारताना त्याचे दोन्ही हात पाठीमागे असायचे. शाळेच्या फाटकात विचारायचा, भाजीवाल्यापाशी विचारायचा, एकदा तर माझ्या दिरांच्या साखरपुड्याच्या मांडवात येऊन विचारलं. मी सालवडला शिक्षिका, आणि आमच्या भागाची मतदारयादीही माझ्याच गळ्यात. तो शाळेमागच्या चाळीत भाड्याने राहायचा. रंगाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे हात मनगटापर्यंत जांभळे.

"आहे हो दादा. काल होतं ते आज कुठं जाईल?" मी चिडवायचे.

"जातं, बाई."

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत फिरणारा. पण ह्याची भीती उगाच नव्हती. एका पावसाळ्यात तो भाताच्या आवणीला गावी गेला, माझ्याआधी तपासणीला येणाऱ्यांना दाराला कुलूप दिसलं आणि नाव कापलं गेलं. मतदानाच्या दिवशी त्याला रांगेदेखत परत पाठवलं. नाव पुन्हा मी चढवलं. पण दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, हा पाणीही फुंकून प्यायचा. गावी जाताना मला सांगून जायचा, परतला की आधी मला तोंड दाखवायचा, मग खोली उघडायचा. नाव गेलं की रेशन जाईल, खोली जाईल, असं त्याला वाटायचं. मी समजवायचे, तो मान हलवायचा. पटलेलं मात्र नसायचं.

पुढच्या मतदानाला तो ब्लीचिंग पावडरने हात घासून आला. कातडी सोललेली, रंग तसाच. मी बाहेर मदतीच्या टेबलावर होते. आत शाई लावणाऱ्याने बोट पाहून विचारलं, "आधी कुठं मत देऊन आलात?" तो तसाच बाहेर माझ्याकडे आला.

"बाई, त्यांना सांगा, कंपनीचा रंग हाय."

मी जाऊन सांगितलं. मत झालं, पण त्या बोटावर शाई दिसेना. "आता मी मत दिलं ते कोनाला कसं कळंल?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, त्याची आज लाज वाटते.

मागच्या मतदानाला त्याचे हात पहिल्यांदाच पुढे होते. स्वच्छ. "खोकला हाय ना, चार महिने कामाव नाय," तो म्हणाला. बोटावर शाईची रेघ ठसठशीत उठली होती. "दिसतं ना, बाई?" तो खुशीत होता. मला मात्र त्याचा खोकलाच ऐकू येत होता.

यंदा तपासणीला गेले तर कुलूप. आठवड्याने पुन्हा कुलूप. शेजारीण म्हणाली, "खोकला लय वाढला, बाई. भाऊ येऊन गावी घेऊन गेला. कुटला पाडा, ते नाय म्हाईत." फोन बंद. या वेळी तो मला सांगून गेला नव्हता.

आज तिसरी फेरी. यानंतर नियमाने 'स्थलांतरित' असा शेरा लिहायचा असतो, मग नाव कापलं जातं. मी दारापुढे पेन उघडून उभी राहिले. कडीवर त्याच्या अंगठ्याचे जांभळे डाग तसेच होते.

यादी उद्या द्यायची आहे. त्याच्या नावापुढचा रकाना अजून कोरा आहे. तो परत येऊन विचारेल, याची भीती वाटते. येणारच नाही, याची जास्त.