नोबीबायचा पाट

कातरीनमावशी कुणाचंही बाळंतपण करायला गेली की स्वतः बसायच्या आधी एक पाट मांडायची. अडलेल्या बाईच्या पायाशी, रिकामा. पाट फणसाच्या लाकडाचा, घरून काखोटीला मारून आणलेला. त्यावर कुणी टेकायला गेलं की खेकसायची, "ऊठ! ती नोबीबायची जागा हाय."

अंधेरी स्टेशनापासून पूर्वेला, खाणींच्या अलीकडे आमचं गावठाण होतं. पन्नास-बावन्न सालची गोष्ट. मी मालवणकडचा, खाणीत दगड फोडायचो. मावशी ख्रिस्ती, पिढ्यानपिढ्या तिथलीच. नेसायची लुगडं, बोलायची आपलंच मराठी, जरा वेगळ्या वळणाचं. गळ्यात क्रूस, आणि त्याच दोऱ्यात गावदेवीचा ताईत. मी एकदा विचारलं, "मावशे, दोघांचं भांडण नाही होत?" तर म्हणाली, "तुज्या घरान शेवंती नि तू एकाच चुलीचा खातास ना? भांडतास, पन खातास ना?"

पाट मांडला की तिची हाकाटी सुरू व्हायची. "सांता मारी, ओरापुरनोबी. गावदेवी माउली, ओरापुरनोबी. सटवाई, ओरापुरनोबी." प्रत्येक नावाला शेपूट तेच. मे महिन्यात खुरसापुढे, म्हणजे गावातल्या मोठ्या क्रूसापुढे, प्रार्थना म्हणत त्यात ते शेपूट होतं. तिने लहानपणी ऐकलेलं. ही नोबीबाय कोण, ते ती खालच्या आवाजात सांगायची: "अडलेल्या बाईच्या पायाशी येऊन बसते. हाक मारावी लागते. हाक नाय मारली तं दारानूच परत जाते."

माझी बायको शेवंती. पहिली दोन मुलं आठ दिवससुद्धा जगली नाहीत. तिसऱ्या वेळेला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दोन मुलं पुरून आलेला माणूस विश्वासाच्या गप्पा मारत नाही. मावशीने पाट मांडला, मी दाराबाहेर गुपचूप बसलो. आतून ओरापुरनोबी, ओरापुरनोबी. मग एकदम सगळं थांबलं. झाडावरचे कावळेसुद्धा. शेवंतीचा आवाज आला, अगदी शांत, "मावशे, तिला पुसायला काहीतरी दे गं. किती भिजलीय ती."

उन्हाळ्याचे दिवस. पाण्याच्या थेंबाचा पत्ता नाही. मी फटीतून बघितलं. खोलीत मावशी नि शेवंती, तिसरं कुणी नाही. मावशी मात्र पाटाकडे पाठ करून, डोळे मिटून उभी होती.

मुलगी झाली. जगली. आम्ही मीरा म्हणायचो, मावशी मेरी म्हणायची, पोर दोन्हीला ओ द्यायची.

आता माझा मूर्खपणा सांगतो. मीरा वर्षाची झाली तेव्हा खुरसापुढची प्रार्थना ऐकायला मी उभा राहिलो, आणि संपल्यावर पाद्रीबाबाला विचारलं, "फादर, ही नोबीबाय कोण?" तो भला माणूस. आधी त्याला कळेना, मग पोट धरून हसला. म्हणाला, "अरे, ती लॅटिन भाषा. ओरा प्रो नोबिस. आमच्यासाठी प्रार्थना कर, एवढाच अर्थ. बाई वगैरे कुणी नाही."

मला वाटलं, मोठी गंमत हाती लागली. तसाच मावशीकडे गेलो आणि अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप हातातच राहिलं.

"अठ्ठावीस वर्सं," ती म्हणाली, "मी कोनाला हाक मारतंय रे?"

त्या दिवसापासून पाट भिंतीला उलटा टेकलेला. मावशी कुणाकडे जाईना. महिन्याभरात भंडाऱ्यांची सून अडली. दुपार टळत आली, नवरा येऊन पाया पडला, तरी ही जागची हलेना. शेवंतीने मला घरातून ओढत मावशीकडे नेलं. "विचारायला तुम्हीच गेलात ना? आता तुम्हीच समजूत काढा!"

मी काय काढणार? शेवटी शेवंतीच बोलली, "मावशे, नोबीबाय नाही कशी? मला दिसली ना!"

"तुना दिसली, त्याचाच भ्याव वाटतं गं," मावशी म्हणाली. "नाव खोटा. त्या नावाची कोनी नायच. मंग आली ती कोन? कुटशी आली?"

मला दिवसाउजेडी घाम फुटला. शेवंतीला नाही. तिने पाट उचलून मावशीच्या काखेत दिला. "कुणी का असेना. माझी पोर ठेवून गेली. चल."

गेल्या दोघी. दिवेलागणीला परत आल्या. सून वाचली, मुलगा झाला होता. मावशी आमच्या ओट्यावर टेकली, स्वतःचे तळहात बघितले. मग म्हणाली, "आज नाव नाय घेतला. हाक बी नाय मारली. निस्ता पाट मांडला. तरी आली."

त्यानंतर तिने ते शेपूट पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. पाट तेवढा मांडायची, आणि त्याच्याकडे पाठ करायची. तीन-चार वर्षांनी तीच तापाने खाटेला लागली, तेव्हा शेवंतीने तिच्या पायाशी पाट मांडला. मावशीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "आता पाठ नाय करत. बगतंय." मग हसली. काय दिसलं ते सांगितलं नाही. पाट शेवंतीला देऊन गेली.

शेवंती गेल्याला आता दोन महिने होतील. खुरसाच्या बाजूने गाड्या जातात, खाणी बुजल्या, मी म्हातारा झालो. पाट एवढी वर्षं माळ्यावर होता. शेवटच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अहो, पाट काढा."

मी काढला, पुसला, पायाशी मांडला. ती बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हाक मारा ना. मला आवाज नाही."

अर्थ मला ठाऊक होता. तो शोधून आणणारा मीच. तरी मी नाव घेऊनच हाक मारली, जोरात, दाराकडे तोंड करून. ओरापुरनोबी. शेवंतीने पाय आखडून घेतले, कुणाला जागा करून द्यावी तसे. म्हणाली, "दोघी आल्यात हो. पाट एकच आहे." दुपारपर्यंत ती गेली.

मीरा येते आठवड्याला. केर काढताना म्हणते, "बाबा, हा पाट उचला आता. पाय लागतो येता-जाता."

नाही उचलत. आलेल्या मला दिसल्या नाहीत, ते ठीक. पण उठून गेलेल्याही मी बघितल्या नाहीत.