जागेपायी

ग्रामपंचायतीत आली की ती आधी कोपऱ्यातला झाडू उचलायची. मी म्हणायचो, "मावशी, बसा." ती म्हणायची, "बसलं की पाय दुखतेत जी." मग माझी खुर्ची सरकवून खालचा कचरा काढायची आणि ग्रामसेवक असून पायाखाली पाहत नाही म्हणून मलाच रागवायची. तुमच्याही गावात अशी एखादी असेल. आपण तिला कामसू म्हणतो आणि मोकळे होतो.

बाळापूरजवळच्या त्या गावात वाड्यावरच्या मालकाच्या गोठ्याचं शेण, अंगणातला सडा, लग्नाचे पापड-कुरड्या, सगळं तिच्याकडे. मजुरी नाही. दिवाळीला एक लुगडं, तेही मालकीणबाई नेसून कंटाळल्या की. तिचं घर मालकाच्या जागेवर, म्हणून आजेसासूपासून ही वेठ चालत आलेली. वेठ हा शब्द मात्र गावाला आवडत नसे. ती घरच्यासारखी आहे, असं सगळे म्हणत. घरच्यासारखीच होती, फक्त चहाची कपबशी गोठ्याच्या भिंतीवर वेगळी ठेवलेली.

घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागलं आणि तिथंच अडलं. जागा नावावर हवी, नाहीतर मालकाची लेखी संमती. मालक म्हणाले, दसऱ्यानंतर पाहू. असे दोन दसरे गेले. पावसाळ्यात तिची मागची भिंत बसली. आता कागद आला नाही तर यादीतून नाव कटणार होतं. शेवटी मी गावठाणाचा जुना नकाशा काढला. खरं तर पहिल्याच दिवशी काढायला हवा होता; पण जागा मालकाची, हे मीही धरूनच चाललो होतो.

जागा मालकाची कधीच नव्हती. गावठाणातली, सरकारी होती.

मी तिला बोलावून ते वाचून दाखवलं. मला वाटलं, हिला आनंद होईल. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाली, "माही सासू ओली बाळंतीण होती, तं पाचव्या दिवशी त्यायचं शेण काढाले गेली. इकडं घरी लेकरू गेलं तिचं. कावून गेली, तं जागा जाईन म्हून. आता तिले काय सांगू?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती मालकाकडे गेली नाही. बोलावणी आली, तरी नाही. जागेचा पट्टा तिच्या नावावर झाला, घरकुल उभं राहिलं. दारावर लाभार्थीचं नाव रंगवायचं तर म्हणाली, वर सासूचं लिहा. मी नियम सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पेंटरकडून दोन्ही नावं लिहून घेतली.

गेल्या पौषात ती वारली. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी दारापाशी थांबून विचारलं, यादीत नसलेलं हे वरचं नाव कोणाचं. मी खुलासा जुळवत होतो, तेवढ्यात तिची सून बाहेर आली.

"घरमालकिणीचं हाये जी," ती म्हणाली.