सात वर्षांच्या काकू

चष्मा काढून डबीत ठेवायचा, चपला खुर्चीखाली सरकवायच्या, खुर्चीवरच मांडी घालायची आणि म्हणायचं, "चलो, मी झाली सात वर्षांची. विचारा." एवढं झालं की बासष्ट वर्षांच्या काकू तिथून निघून जात आणि त्यांच्या जागी एक पोर येऊन बसे. नाक ओढणारी, पंख्याकडे बघत राहणारी, ऐन महत्त्वाच्या प्रश्नाला "पानी पीना है" म्हणणारी.

समोर आम्ही सहा जण असू. नुकतेच एम. ए. झालेले, वह्या-पेनं घेऊन सरसावलेले. आमच्या हिंदीभाषी शहरात, नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मुलांवर होणारे अत्याचार आणि त्यांची होणारी आबाळ यांचा अभ्यास कसा करायचा, हे आम्ही तिथं शिकत होतो. पुढं शाळाशाळांतून जाऊन मुलांशी बोलायचं होतं, आणि मुलांशी बोलायचं कसं हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

काकू शहराबाहेरच्या खमरिया वस्तीतल्या. यजमान फॅक्टरीत होते, ते वारले. त्या स्वतः तिथल्याच प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. प्रश्नावलीची हिंदी तपासायला म्हणून त्या आल्या होत्या. सरावासाठी आसपासची दोन-चार मुलं बोलवावीत, असा तेव्हा आमच्या प्रमुख मॅडमचा विचार चालला होता. काकूंनी कागदावरून मान वर केली. "खऱ्या पोरांवर सराव? काहून? मी बसते न!" मॅडम हसल्या. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलाची खुर्ची त्यांची झाली. बाकीचे त्यांना दीदी म्हणत. मी एकटीच मराठी, म्हणून माझ्यासाठी काकू.

पहिला बळी आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा. त्यानं गंभीरपणे विचारलं, "क्या घर में तुम्हारी मूलभूत आवश्यकताओं की पूर्ति होती है?"

काकूंनी विचार केला. "हमारे घर में बिल्ली है."

तो बिचारा घामाघूम झाला. मग सोपं करायला गेला. "पापा मारते हैं न?"

"हाँ."

"मम्मी भी?"

"हाँ."

"और टीचर?"

"हाँ. बस का ड्राइवर भी."

तो भराभर लिहून घेऊ लागला. काकूंनी चष्मा चढवला आणि त्याच्या वहीवर बोट ठेवलं. "बेटा, ये सब काट दे. तू पूछता गया, मैं हाँ बोलती गई. मुझे घर जाना था."

तुम्हीही कधी लहान मुलाला काही विचारलं असेल, आणि उत्तर यायच्या आत तुम्हीच ते सुचवून मोकळे झाला असाल. आम्ही तर रोज तेच करत होतो. काकू आम्हाला गप्प बसायला शिकवत. "कल सुबह उठी, फिर क्या हुआ?" असं विचारायचं आणि थांबायचं. ते थांबणं फार जड जाई. खालून फिजिक्सच्या सरांचा आवाज येत राही आणि समोर सात वर्षांच्या काकू पदराचं टोक चघळत बसलेल्या.

मी मात्र एका जागी दरवेळी अडकायची. खेळात काकू एकदम आवाज खाली आणून विचारत, "किसी को बताओगी तो नहीं?" आणि माझ्या तोंडून निघून जाई, "नहीं, बिल्कुल नहीं." लगेच खेळ बंद. काकू चष्मा शोधू लागत. "जे करणार नाही ते काहून बोलून राहिली?" त्यांचा आवाज एरवी कधी चढत नसे, तेव्हा चढे.

माझा पहिला खरा दिवस ग्वारीघाटच्या रस्त्यावरच्या एका शाळेत होता. नऊ वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर बसली. मी कालच्या सकाळचं विचारलं आणि थांबले. ती बाकाच्या फळीवर नखानं रेघा ओढत राहिली. मग हळूहळू बोलू लागली. आई नाही, बाप बाहेरगावी, आत्याजवळ राहते. आत्या कामाला जाताना तिला आणि धाकट्या भावाला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावते. आत्या संध्याकाळी येते. शाळेत येता येतं ते फक्त आत्याच्या सुटीच्या दिवशी. भाऊ रडला की ती त्याला पाण्यात साखर घालून देते. साखर संपली की ती गाणं म्हणते.

आणि मग तिनं विचारलं, "आप किसी को बताओगी?"

"नहीं" अगदी जिभेवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवतच नव्हतं. मी म्हटलं, "हाँ, बताना पड़ेगा. जिनका काम मदद करना है, उनको. पर किसको बताऊँगी, वो पहले तुझे बताऊँगी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. उठली आणि वर्गात निघून गेली.

मी मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं, आणि तिथून थेट खमरियाची बस धरली. काकू अंगणात मटर सोलत बसल्या होत्या.

"ती उठून गेली, काकू. मी सगळं बिघडवलं."

"काय म्हटलं तू तिला?"

मी सांगितलं. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. मीही शेंगा सोलू लागले.

मग त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक पोरगा होता. तिसरीतला. पाठीवर वळ. मला म्हणे, किसी को मत बताना. मी म्हटलं, नाही सांगत, माझी शपथ. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. त्याचे मामा आले, घेऊन गेले त्याला, मार थांबला. पण जायच्या आधी आठवडाभर तो वर्गात होता न, माझ्या हातून वही नाही घेतली त्यानं. बाजूच्या पोराला म्हणे, तू लाकर दे."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"तू खोटं नाही बोलली, अन् गप्पही नाही बसली. मला दोन्ही एकदम नाही जमलं."

मॅडमनी कळवल्यावर मदत करणारी माणसं त्या घरी गेली. जाण्याआधी, ती मुलगी पुन्हा शाळेत आली त्या दिवशी, मी जाऊन कोण येणार ते तिला सांगून आले होते. तिनं नुसती मान हलवली होती. आत्या वाईट नव्हती. चार घरची कामं, आणि मुलांना ठेवायला जागाच नाही. ती रडली, भांडली, शेवटी ऐकलं. भाऊ अंगणवाडीत जाऊ लागला, मुलगी रोज शाळेत. कुलूप गेलं.

महिन्याभरानं मी त्या शाळेत गेले, तर ती व्हरांड्यात उभी. सोबत दुसरी एक मुलगी, तिच्याहून लहान, भिंतीला चिकटलेली. तिनं त्या लहानीला हाताला धरून माझ्यापुढं आणलं आणि तिला म्हणाली, "बोल दे. ये दीदी पहले ही बता देती है."

मी हे काकूंना सांगितलं, तेव्हा त्या उठल्या. आत गेल्या. नळ चालू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा तोंड ओलं होतं. "जेवून जा," एवढंच म्हणाल्या.

पुढं त्यांचे गुडघे ऑफिसचा जिना चढू देईनात. नागपूरची मुलगी न्यायला आली. आता नव्या तुकडीसमोर मुलाच्या खुर्चीत मी बसते. मला त्यांच्यासारखं जमत नाही. पण परवा एका नव्या मुलीनं, मी आवाज खाली आणून तोच प्रश्न विचारल्यावर, खूप वेळ घेऊन खरं उत्तर दिलं, आणि मला फार बरं वाटलं.

त्या नागपूरला निघाल्या त्या दिवशी आम्ही सहाही जण स्टेशनवर गेलो होतो. गाडीत त्यांच्या समोरच्या बाकावर एक पाचेक वर्षांची पोर होती. गाडी सुटायच्या आधीच ती त्यांना काहीतरी सांगू लागली, हातवारे करून, अगदी रंगात येऊन. काकू पुढं वाकल्या होत्या. गाडी हलली. आम्ही हात हलवले, हाका मारल्या, चार पावलं सोबत धावलोही. त्या ऐकत होत्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.