गालाजवळ धरलेलं लायसन्स

गाडीत बसल्यापासून डार्लीन नखं खात होती.

"इर्मा, केस ठीक आहेत ना?"

"तिसऱ्यांदा विचारतेयस. एकोणीस वर्षं सेटवर तुझा चेहरा मीच रंगवला, आजच बिघडवेन का?"

रेसीडातल्या वृद्धाश्रमाला स्वयंपाकघरात बाई हवी होती. हे तिचं तिसरं ठिकाण. फुलांच्या दुकानात ती तीन आठवडे टिकली. माल पोचवणाऱ्यानं ओळखलं आणि मालकाला अचानक माणसं जास्त वाटायला लागली. दातांच्या दवाखान्यात तर अर्धाच दिवस.

"इथंही कुणी ओळखलं तर मी बेकर्सफील्डला भावाकडे जाते," ती म्हणाली.

तो भाऊ तिला मागच्या दारानं घरात घेतो. शेजाऱ्यांना दिसायला नको म्हणून.

मोटेलातली नोकरी सुटल्यावर ती बाविसाव्या वर्षी इथं व्हॅलीत, शहराबाहेरच्या या खोऱ्यात आली. प्रौढांच्या सिनेमात, म्हणजे ब्लू फिल्ममध्ये, तिचं नाव ऑडेट रेन. शूटिंगसाठी चॅट्सवर्थमधले भाड्याचे बंगले, झगा गुंडाळून तासन्‌तास वाट बघणं, आणि दर चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी. तपासणीचा कागद जुना झाला की काम बंद. त्यामुळे तिला पंधरवड्यापलीकडचं काही ठरवताच यायचं नाही. भांडी घ्यायची तीही भाड्याचं घर सोडताना टाकून देता येतील अशी. पण सेटवर येताना बीन्सचं मोठं पातेलं आणि मक्याच्या पावाचं पीठ घरून आणायची, पाव बंगल्यातल्या ओव्हनमध्ये भाजायची. एकदा दिग्दर्शक ओरडला, "ऑडेट, सगळे थांबलेत!" तर ही ओव्हनपाशी वाकून म्हणाली, "थांबू देत, पाव करपेल." अडतिशीनंतर आईच्या भूमिका मिळाल्या. मग फोन वाजायचाच थांबला.

प्रत्येक शूटिंगची सुरुवात मात्र शेवटपर्यंत तीच. लायसन्स गालाजवळ धरायचं, हनुवटी वर, जन्मतारखेवर बोट येऊ द्यायचं नाही, फोटो. मग कार्ड उलटून आणखी एक. वयाचा पुरावा. नव्या मुलींना ती स्वतः शिकवायची.

वृद्धाश्रमाच्या ऑफिसात मिसेस टॅलबर्ट बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा साखळीला. मी दाराजवळच्या खुर्चीत टेकले.

"एकोणीस वर्षं काय करत होतात?"

"सिनेमाच्या सेटवर होते."

"जेवणखाण बघायची," मी मध्येच बोलले. डार्लीननं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"किती माणसांचं?"

"वीस-बावीस. बीन्स, मक्याचा पाव."

"आमच्या म्हाताऱ्यांना दात नाहीत."

"मग पाव दुधात भिजवू. कुरकुर करायलाही दात लागत नाहीत, ती करतीलच."

मिसेस टॅलबर्ट हसल्या.

"ओळखपत्र आणलंय?"

डार्लीननं पर्समधून लायसन्स काढलं आणि गालाजवळ धरलं. हनुवटी वर. ओठांवर ते ठरलेलं हसू. आणि तशीच थांबली.

मी फरशीकडे बघायला लागले. टेबलावरचा पंखा एकदा इकडून तिकडे फिरला. मिसेस टॅलबर्टनी चष्मा काढला.

"आता मागची बाजू," त्या हळूच म्हणाल्या.

डार्लीनच्या हातानं कार्ड उलटलंसुद्धा. मग हात हवेतच थिजला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"दे इकडे," मिसेस टॅलबर्टनी हात पुढे केला. "झेरॉक्स काढते. सोमवारी सकाळी सहाला ये. केसांना जाळी लागते, स्वतःची आण."

गाडीत बसल्यावर डार्लीनला पट्टा लावता येईना. मीच लावला.

"कोण असेल गं ही? कॅमेऱ्यापुढची की मागची?"

"मला काय माहीत?"

"तू तर सगळ्यांचे चेहरे रंगवलेस!"

"वीस वर्षांनी चेहरे तेच राहतात होय?"

"तिनं कुणाला सांगितलं तर?"

"त्यासाठी तिला आधी स्वतःबद्दल काय सांगावं लागेल, त्याचा विचार कर."

तिची नखं पुन्हा तोंडात. दोन सिग्नल गेल्यावर म्हणाली, "औषधांच्या दुकानापाशी थांब. जाळी घ्यायचीय."

दुकानातून ती सहा जाळ्यांचं, काही महिने पुरेल असं पाकीट घेऊन आली. ते मांडीवर घट्ट धरून बसली आणि मला गाडी हळू चालवायला सांगत राहिली.